कोल्हापुरात बंदिस्त पडवी: उन्हाळा, वळीव आणि अख्खा पावसाळा काढल्यावर

आधी निकाल सांगतो, मग पाल्हाळ. घरापुढची पडवी बंद करून घ्यायची असेल तर कोल्हापुरात पैसा जाळीवर घाला, काचेवर जरा हात आखडता ठेवा. आपल्याकडे थंडी कुठं अडवायची असते? अडवायची ती पावसाची झड आणि डास. वारा मात्र आत आलाच पाहिजे, नाहीतर त्या पडवीत कुणी बसत नाही, दोन महिन्यांत तिथं सायकली आणि रद्दी येऊन पडते.

आमचं घर कळंब्याच्या बाजूला, तोंड पश्चिमेला. पुढं चौदा बाय दहाची पडवी, वर जुना सिमेंटचा पत्रा. गेल्या फेब्रुवारीत तो उतरवला आणि उद्यमनगरातून लोखंडी सांगाडा करून आणला. वर 10 मिलिमीटर जाडीचं, दुधी रंगाचं मल्टीवॉल पॉलिकार्बोनेट, म्हणजे आत पोकळ नळ्या असलेली प्लॅस्टिकची शीट. पश्चिमेला यूपीव्हीसीच्या (कडक प्लॅस्टिकच्या) तीन ट्रॅकच्या सरकत्या खिडक्या, दोन पल्ले काचेचे आणि एक जाळीचा. दक्षिणेला कमरेएवढी भिंत आणि तिच्यावर नुसती स्टीलची जाळी, काच अजिबात नाही. उत्तरेला आमचीच भिंत. सगळं मिळून दोन लाखांच्या जरा आत बसलं.

दक्षिणेच्या जाळीवरून फॅब्रिकेटरशी बरीच हुज्जत झाली. त्याचं म्हणणं, "साहेब, दोन्ही बाजूनं फिक्स काच मारूया. हाटेलागत दिसतंय बघा." आबा शेजारीच बसले होते. म्हणाले, "हाटेलात एसी असतोय. इथं मला उकडायला बसवतोस काय रं?" विषय तिथंच मिटला.

आबांचं बरोबरच होतं. ऊन काचेतून सरळ आत येतं, फरशी आणि खुर्च्या तापतात, पण त्या तापलेल्या वस्तूंची उष्णता काचेतून तशी बाहेर जात नाही. युरोप-अमेरिकेत काचेची खोली बांधतात ती यासाठीच, त्यांना ती ऊब हवी असते. आपल्याकडं मेच्या सुरुवातीला दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो आणि तेव्हा ती ऊब कुणालाच नको असते. दुसरी गोष्ट दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. सरकती खिडकी पूर्ण उघडली तरी अर्धीच जागा मोकळी होते, उरलेल्या अर्ध्यात काच उभीच राहते. आमच्या हॉलची खिडकी पडवीतच उघडते, म्हणजे पडवीत वारा कोंडला की हॉलही कोंडला. दक्षिणेची जाळी कायम मोकळी असल्यामुळं वारा तिकडून येतो, पश्चिमेनं जातो आणि हॉलमध्येही झुळूक पोचते. तरीसुद्धा एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते चार पडवीत बसवत नाही, पंखा लावूनही नाही. हे मान्य करूनच पैसे घाला.

मग उन्हाळ्यात उपयोग काय? आमच्या घरात त्याचं उत्तर सौ.कडं आहे. वर्षाची चटणी. आजवर ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची गच्चीवर वाळत घालायची आणि दुपारी ढग आले की सगळ्यांनी जिन्यावरून पळत सुटायचं, हा दरवर्षीचा कार्यक्रम होता. वळीव काय विचारून येत नाही. यंदा मिरची पडवीत पसरली. छपरातून उष्णता भरपूर मिळते, वाऱ्यानं ओल निघून जाते, वर कावळा नाही की माकड नाही. मिरची कडकडीत वाळली, देठ काढायलाही तिथंच सावलीत बसता आलं आणि डंकावरून कुटून आणलेल्या चटणीचा रंग पाहून सासूबाईंनीसुद्धा विचारलं, कुठं वाळवली म्हणून. ठसका मात्र हॉलमध्ये चार दिवस पुरला. पापड, सांडगे, कुरडया यांचंही तेच.

छपराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण खरी गंमत आणि खरी कटकट तिथंच आहे. पॉलिकार्बोनेट उन्हानं चांगलंच फुगतं. तीन मीटरची शीट घेतली तर 40 अंशांच्या फरकाला सात-आठ मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा मोठं पाडायचं आणि खाली रबरी वॉशर घालायचा, नाहीतर शीट भोकापाशी तडकते. भोकं बरोबर पाडली तरी आवाज येतोच. सूर्य मावळला आणि छप्पर निवायला लागलं की कट्, कट् असं अर्धा तास चालतं. पहिल्या आठवड्यात आबा दर संध्याकाळी काठी घेऊन मांजर हाकलायला उठत होते.

शीटची एकच बाजू अतिनील किरणांना टिकणारी असते. वरच्या फिल्मवर तसं छापलेलं असतं, ती बाजू आकाशाकडंच हवी. मजूर घाईत असतात, तेव्हा स्वतः उभं राहून बघा. आतल्या पोकळ नळ्या उताराच्या दिशेनं याव्यात, वरच्या टोकाला हवाबंद टेप आणि खालच्या टोकाला हवा खेळणारी टेप लावायची. तसं केलं नाही तर नळ्यांत पाणी साठून हिरवं शेवाळ धरतं आणि ते पुसायला हात कुठूनच जात नाही. आमच्या गल्लीत असं एक हिरवं छप्पर आहे, त्यामुळं मी टेपचं आधीपासून धरून बसलो होतो. आमचं अजून स्वच्छ आहे.

पावसाचा आवाज हा या छपराचा मोठा दोष. जुलैत संततधार लागली की पडवीत फोनवर बोलता येत नाही, शेजारी बसलेल्याशीही ओरडून बोलावं लागतं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले का, हे टीव्हीवर ऐकायला पडवीकडचं दार लावून घ्यावं लागायचं. आवाज नको असेल तर मंगलोरी कौलं घाला, पण त्याला उतार जास्त लागतो, सांगाडा भक्कम लागतो आणि उजेड जातो. मला उजेड महत्त्वाचा वाटला. आवाजाचं म्हणाल तर मला आवडतो, सौ.ला नाही. मुलांचा अभ्यास त्या दिवसांत आतच होतो.

झड पश्चिमेकडून येते आणि तिथं काच आहे, ती लावली की निभतं. दक्षिणेला जोराच्या पावसात पारदर्शक प्लॅस्टिकचा गुंडाळायचा पडदा सोडतो. तरी जाळीखालची भिंत दोन महिने ओलसर राहिली. तेवढी एक ओल सोडली तर पावसाळ्यात पडवीनं सोन्यासारखं काम केलं. कपडे वाळले! दोरीवर आणि पंख्याखाली का होईना, पण कुबट वास न येता वाळले. एकच सूचना, चामड्याचं पायताण तिथं ठेवू नका. माझ्या चांगल्या कोल्हापुरी जोडाला आठवड्यात पांढरी बुरशी आली.

यूपीव्हीसीच्या खालच्या ट्रॅकला पाणी बाहेर जायला छोटी भोकं असतात. ती तुंबली की ट्रॅक भरतो आणि पाणी आतल्या फरशीवर येतं. पावसाळ्यात चिखल बसतो, पुढं सीझनमध्ये ऊसाच्या फडातली पाचट पेटवली की काळे धागे उडत येतात आणि तेही तिथंच जाऊन बसतात. केरसुणीची काडी घालून भोकं मोकळी करायची, दोन मिनिटांचं काम. पांढरी फरशी मात्र घालू नका, त्या काजळीत पाणी पडलं की ती फरशीभर पसरते.

जाळीत दोन प्रकार वापरून बघितले. खिडक्यांची आणि दक्षिणेची स्टीलची जाळी उत्तम, तक्रार शून्य. दाराला घडीची प्लीटेड जाळी घेतली, दिसायला झकास, पण चौथ्या महिन्यात तिची दोरी सुटली. ज्यांच्याकडून घेतली ते "उद्या माणूस पाठवतो" म्हणत राहिले, तो गणपतीनंतर आला. लहान मुलं असतील त्या घरात दाराला साधी सरकती जाळीच बरी. कुंड्यांखालच्या थाळ्यांकडंही लक्ष ठेवा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो, आणि थाळी जाळीच्या आत असेल तर आपण त्याला घरातच पाळल्यासारखं होतं. आमच्या सगळ्या थाळ्या आता गेटबाहेर आहेत.

पश्चिमेचं तोंड असेल त्यांनी बांबूच्या चिकांचा (पडद्यांचा) खर्च आधीच धरावा. उन्हाळ्यात सूर्य उजवीकडं सरकून मावळतो, हिवाळ्यात डावीकडं, म्हणजे एक चिक घेऊन भागत नाही. अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो त्या नोव्हेंबर आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या दिवसांत आमच्याकडं संध्याकाळचं ऊन डाव्या कोपऱ्यातून तिरपं शिरून थेट आबांच्या खुर्चीवर येतं. थंडीत ते त्यांना हवं असतं, चिक सोडू देत नाहीत. सकाळी मात्र पडवी गारठलेली असते, पश्चिमेच्या पडवीला सकाळचं ऊन नाहीच. सकाळच्या चहाची जागा हवी असेल तर पूर्वेची बाजू बघा.

कामाला हात घालण्यापूर्वी पडवी मंजूर नकाशात आहे ना ते पाहा. सामासिक अंतरात, म्हणजे घराभोवती नियमानं मोकळ्या सोडायच्या जागेत, नवं छप्पर येत असेल तर महापालिकेत आधी विचारा, शेजाऱ्यालाही विचारा, कारण पाणी कुणाच्या अंगणात पडणार यावरून भांडणं होतात. पन्हाळ आणि खाली जाणारा पाइप कोटेशनमध्ये वेगळा लिहून घ्या, बहुतेक जण तो धरतच नाहीत. सांगाड्याला रंगाच्या आधी रेड ऑक्साइड (गंज अडवणारा थर) लावताना आपण समोर असावं. आणि शेवटचा हप्ता द्यायच्या आधी बागेच्या पाइपनं छपरावर आणि खिडक्यांवर जोरात पाणी मारून बघा. आमच्या फॅब्रिकेटरनं तोंड वाकडं केलं, पण दोन सांध्यांतून पाणी आलं आणि तिथं सिलिकॉन पुन्हा भरून मगच तो पैसे घेऊन गेला.