न्यूयॉर्क की लॉस एंजेलिस: मराठी किंवा सेमी-इंग्रजी शाळेतून जाणाऱ्या मुलासाठी

नोकरीच्या बदलीमुळे अमेरिकेला निघालेले मराठी कुटुंब पगार, घरभाडे आणि व्हिसा यांचा हिशेब महिनोन्महिने करते आणि मुलाच्या शाळेची चौकशी मात्र बहुधा तिकिटे निघाल्यावर सुरू करते. मूल इंग्रजी सहज बोलणारे असेल तर यात फारसे बिघडत नाही. ते मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमातून आलेले असेल, तर कोणत्या शहराच्या सरकारी शाळेत ते बसणार यावर त्याची पहिली तीन-चार वर्षे बरीच अवलंबून असतात. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस ही देशातली सर्वांत मोठी दोन स्कूल डिस्ट्रिक्ट्स, म्हणजे सरकारी शाळांचे प्रशासकीय विभाग, आहेत. पहिल्यात सुमारे 9 लाख विद्यार्थी आहेत, दुसऱ्यात 4 लाखांच्या आसपास. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांची संख्या दोन्हीकडे प्रचंड आहे, मात्र त्यांना शिकवण्याची रीत आणि ‘इंग्रजी शिकाऊ’ या वर्गवारीतून बाहेर काढण्याची रीत वेगवेगळी आहे.

दोन्ही शहरांना समान असलेला कायद्याचा पाया थोडक्यात असा. सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी भाषक मुलांच्या लाउ विरुद्ध निकोल्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1974 मध्ये असा निर्णय दिला की, न समजणाऱ्या भाषेत सर्वांसारखीच पुस्तके आणि सर्वांसारखेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक दिली असे होत नाही. 1982 च्या प्लायलर विरुद्ध डो निकालामुळे कुटुंबाच्या इमिग्रेशन स्थितीवरून मुलाला सरकारी शाळेचा प्रवेश नाकारता येत नाही. एका शब्दाबाबत मात्र सावध असावे. अमेरिकी शाळांच्या कार्यालयात ‘मायग्रंट’ विद्यार्थी म्हणजे हंगामी शेतमजुरीसाठी गावे बदलणाऱ्या पालकांचे मूल, म्हणजे आपल्याकडच्या ऊसतोड कामगारांच्या मुलांसारखे. त्या योजनेचा अर्ज संगणक अभियंत्याच्या मुलासाठी नसतो.

प्रवेशाच्या वेळी दोन्हीकडे घरातील भाषेची प्रश्नावली भरून घेतात. मूल प्रथम कोणती भाषा बोलू लागले, घरी कोणती बोलते, आईवडील त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलतात, असे ते प्रश्न असतात. मुलावर ‘कच्चा’ असा शिक्का बसेल या भीतीने अनेक मराठी पालक प्रत्येक रकान्यात ‘इंग्लिश’ लिहून मोकळे होतात. माझ्या मते ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. खरे उत्तर दिल्यास मुलाची चाचणी होते. इंग्रजी चांगले असलेले मूल त्या चाचणीत पुढे निघून जाते आणि विषय तिथेच संपतो. इंग्रजी अपुरे असलेल्या मुलाच्या प्रश्नावलीत ‘इंग्लिश’ लिहिले, तर कायद्याने मिळणारी मदत आपणच सुरुवातीला नाकारलेली असते. न्यूयॉर्कमध्ये ही ओळखप्रक्रिया शाळेच्या 10 दिवसांत पूर्ण करावी लागते आणि निकाल पटला नाही तर प्रवेशापासून शाळेच्या 45 दिवसांत पालकांना फेरतपासणी मागता येते. कॅलिफोर्नियात पहिल्या चाचणीसाठी 30 दिवसांची मुदत आहे.

खरा फरक त्यानंतर सुरू होतो. न्यूयॉर्क राज्याच्या ‘पार्ट 154’ या नियमावलीत इंग्रजीच्या खास अध्यापनाची आठवड्याची मिनिटेच ठरवून दिलेली आहेत. आठवीपर्यंतच्या अगदी नवख्या मुलाला 360 मिनिटे मिळतात. त्यातली 180 मिनिटे वेगळ्या तासांत असतात आणि उरलेली इंग्रजी विषयाच्या नेहमीच्या वर्गात, अनेकदा दुसऱ्या शिक्षकाच्या साहाय्याने. नववीच्या पुढे नवख्यांसाठी हीच संख्या 540 होते. कॅलिफोर्नियात खास इंग्रजीचा तास देणे बंधनकारक आहे, पण तो किती मिनिटांचा असावा हे राज्य सांगत नाही. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात काय होते ते मी जवळून पाहिले आहे. न्यूयॉर्कमध्ये आमच्या नात्यातल्या एका चौथीतल्या मुलाचा वेगळा तास आठवड्यातून दोनदा बुडू लागला, कारण त्या शिक्षिकेला गैरहजर सहकाऱ्याच्या वर्गावर पाठवले जाई. त्याच्या आईने तक्रारीच्या सुरात काहीच लिहिले नाही. नियमातला आकडा, प्रत्यक्ष मिळालेली मिनिटे आणि तारखा एवढेच तिने मुख्याध्यापकांना ईमेलने कळवले. पुढच्या आठवड्यापासून तास नियमित झाला. ज्या ठिकाणी आकडाच ठरलेला नाही, तिथे पालकाला ‘पुरेसे शिकवत नाही’ एवढेच म्हणता येते आणि त्यावर शाळेकडे नेहमीच उत्तर असते.

याच मुलाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. सांगलीच्या सेमी-इंग्रजी वर्गामुळे ‘न्यूमरेटर’ आणि ‘इव्हॅपोरेशन’ त्याला ठाऊक होते. ‘लाइन अप’ (रांगेत उभे राहा) म्हटल्यावर मात्र तो जागेवरच बसून राही. अभ्यासाच्या भाषेला बोलीपेक्षा पुष्कळ जास्त काळ लागतो, साधारण पाच ते सात वर्षे, असे या विषयात सर्वत्र सांगितले जाते आणि ते खरे आहे. पण सेमी-इंग्रजीतल्या मुलाची सुरुवात अनेकदा उलट्या टोकाने होते. त्यामुळे पहिल्या चाचणीत त्याचे बोलणे आणि ऐकणे फार खाली दिसले तरी पालकांनी घाबरून जाऊ नये. या दोन बाजू सर्वांत लवकर भरून निघतात.

द्विभाषिक वर्गांचा मोह मात्र मराठी पालकांनी आवरावा. न्यूयॉर्कमध्ये पालकांना संक्रमणकालीन द्विभाषिक (मातृभाषेच्या आधाराने हळूहळू इंग्रजीकडे नेणारा), दुहेरी भाषा (दोन्ही भाषांत कायम शिकवणारा) आणि केवळ इंग्रजीचे खास अध्यापन अशा तीन पर्यायांतून निवड करता येते. आठवीपर्यंत लगतच्या दोन इयत्तांत एकाच भाषेची 15 मुले असली, तर शाळेला द्विभाषिक वर्ग काढावा लागतो. कॅलिफोर्नियाने 1998 मध्ये मतदानाने द्विभाषिक शिक्षण जवळपास बंद पाडले आणि 2016 मध्ये मतदानानेच ते पुन्हा खुले केले. आता एका इयत्तेतील 20 किंवा संपूर्ण शाळेतील 30 मुलांच्या पालकांनी मागणी केली, तर शाळेला शक्य असेल तितपत तसा वर्ग द्यावा लागतो. मराठीच्या बाबतीत हे आकडे दोन्ही शहरांत कुठे जमतील असे मला वाटत नाही. न्यूयॉर्कचे शिक्षण खाते बंगाली आणि उर्दूत पत्रके काढते, मराठीत काढत नाही. पालकसभेसाठी दुभाषा मात्र आधी मागून घेता येतो. लॉस एंजेलिसमध्ये इंग्रजी शिकणाऱ्या दहा मुलांतली नऊ स्पॅनिश बोलणारी असल्याने सगळी व्यवस्था तिकडे झुकलेली आहे. लहान मुलाला स्पॅनिशच्या दुहेरी भाषेच्या वर्गात घालून तिसरी भाषा मिळवून देणे हा विचार वाईट नाही, पण त्याला इंग्रजीची मदत समजू नये. मराठी टिकवायची असेल तर ती घरी आणि महाराष्ट्र मंडळाच्या रविवारच्या शाळेतच टिकेल.

या वर्गवारीतून बाहेर पडणे न्यूयॉर्कमध्ये सोपे आहे, निदान समजायला तरी. दर वसंतात होणाऱ्या निसेस्लॅट या परीक्षेत सर्वांत वरची ‘कमांडिंग’ पातळी मिळाली की मूल बाहेर पडते. तिच्या खालची पातळी आणि इंग्रजीच्या राज्य परीक्षेतले ठरावीक गुण असले तरीही चालते. पुढची दोन वर्षे आठवड्याला 90 मिनिटांची मदत चालू राहते. लॉस एंजेलिसमध्ये एल्पॅक या राज्याच्या इंग्रजी परीक्षेची चौथी, म्हणजे सर्वांत वरची पातळी, शिक्षकांचे मत, पालकांशी सल्लामसलत आणि मूलभूत कौशल्यांची वेगळी चाचणी अशा चार गोष्टी जुळाव्या लागतात. त्यातली एक जरी अडली तरी मूल अडते, आणि सहा वर्षांनंतर ते ‘दीर्घकालीन’ इंग्रजी शिकाऊ गणले जाते.

माध्यमिक वयाच्या मुलासाठी माझा कौल नि:संदिग्धपणे न्यूयॉर्कला आहे. तिथे 1985 मध्ये क्वीन्समधील लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजात नवागत मुलांसाठी पहिले इंटरनॅशनल हायस्कूल निघाले आणि त्या धर्तीवर पुढे अनेक शाळा उभ्या राहिल्या. नाव ऐकून आपल्याकडच्या लाखांच्या फीच्या इंटरनॅशनल स्कूल डोळ्यांपुढे येतील, पण या पूर्णपणे मोफत सरकारी शाळा आहेत आणि अमेरिकेत येऊन चार वर्षांहून अधिक काळ न झालेल्या मुलांसाठीच आहेत. तिथे विज्ञान आणि गणिताचा प्रत्येक शिक्षक आपला विषय शिकवता शिकवता भाषाही शिकवतो, आणि तुटके इंग्रजी बोलणारा वर्गात एकटा पडत नाही. लॉस एंजेलिसमध्ये चौदा-पंधरा वर्षांच्या मुलापुढे आणखी एक अडचण असते. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांना इंग्रजीची चार वर्षे लागतात आणि त्यात खास इंग्रजीच्या तासांपैकी फार तर एकच वर्ष धरले जाते. दहावी करून आलेल्या मुलाचे वेळापत्रक यात बसवताना दमछाक होते.

आठ वर्षांखालील मुलासाठी मी शहरावरून निर्णय घेणार नाही. तिथे शाळा आणि वर्गशिक्षिका यांचे वजन जास्त. जन्मतारीख मात्र पाहावी. न्यूयॉर्कमध्ये ज्या वर्षी मूल पाच वर्षांचे होते त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ते किंडरगार्टनला (पहिलीच्या आधीच्या वर्गाला) बसते, मग त्याचा वाढदिवस डिसेंबरात का असेना. कॅलिफोर्नियात 1 सप्टेंबरपर्यंत पाच पूर्ण व्हावी लागतात. त्यामुळे नोव्हेंबरात पाच पूर्ण करणारे मूल न्यूयॉर्कमध्ये वर्गातले जवळपास सर्वांत धाकटे ठरते, तर लॉस एंजेलिसमध्ये त्याला ट्रान्झिशनल किंडरगार्टनचे, म्हणजे किंडरगार्टनच्या आधीच्या सरकारी वर्गाचे, एक जादा वर्ष मिळते आणि खेळता खेळता इंग्रजी कानावर पडते. फक्त अशा मुलासाठी मी लॉस एंजेलिस निवडेन.