भरतीसाठी घेतलेलं जीकेचं पुस्तक: अडीच स्टार

पोलीस भरतीसाठी अप्पा बळवंत चौकातून सामान्य ज्ञानाचं जाडजूड पुस्तक घेतलं. प्रकाशकाचं नाव घेत नाही. भूगोल झकास, कळसूबाई १६४६ मीटर वगैरे सगळं बरोबर, नकाशेही सुबक. पण मुखपृष्ठावर ‘अद्ययावत’ छापून आत जिल्हे ३५च! पालघर २०१४ मध्येच ठाण्यातून वेगळा झाला, हे यांना कुणी सांगायचं? क्रीडा विभाग तर कहर. खाशाबा जाधवांचं १९५२ चं हेलसिंकीतलं कुस्तीचं कांस्य आहे, पण २०२४ ला पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्य मिळवणारा कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे गायब. मराठीच्या अभिजात दर्जाचाही पत्ता नाही. कागद मात्र चांगला, पेनाची शाई मागे फुटत नाही. चालू घडामोडींसाठी मासिकच लावा. हे सेकंड हँड मिळालं तरच उचला.