सोलापुरी चादरीची वेबसाईट, न बघता वापरून: साडेतीन स्टार

दुकानाचं नाव टाकत नाहीये, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि मालक माणूस चांगलाय. एवढंच सांगतो की सोलापुरातलंच दुकान आहे, पूर्व भागात स्वतःचे माग आहेत, चादरी टॉवेल विकतात आणि सोबत शेंगा चटणी, आता वेबसाईटवरून पण ऑर्डर घेतात. मला अजिबात दिसत नाही, मोबाईलवर टॉकबॅक आणि कॉम्प्युटरवर एनव्हीडीए ही स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर, वापरतो, त्यामुळं हा रिव्ह्यू चादरीचा नाही, साईटचा आहे. चादरीला जीआय टॅग आहेच, तिला माझ्या स्टारची गरज नाही.

माहीत नसेल त्यांच्यासाठी, एनव्हीडीए हे फुकट मिळणारं स्क्रीन रीडर आहे, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन नावाच्या माणसानं सुरू केलं, तो स्वतः अंध. स्क्रीनवर काय छान दिसतंय ते स्क्रीन रीडरला कळत नाही, मागं कोडमध्ये जे लिहिलंय तेवढंच ते वाचतं. लिहिलंच नसेल तर नुसता "बटन, बटन, लिंक, बटन" असा जप चालू होतो.

पहिल्यांदा ही साईट उघडली तेव्हा तोच जप होता. चादरीच्या फोटोवर बोट ठेवलं की "आयएमजी अंडरस्कोर" आणि पुढं आकड्यांची माळ. रंग निवडायला गेलो तर "रंग १, रंग २, रंग ३". आता रंग ३ म्हणजे काय ओ? लग्नात द्यायची चादर, पांढरी निघाली तर? मी सरळ व्हॉट्सॅपवर मालकांना व्हॉइस मेसेज टाकला. मालकांचा लगेच फोन, "सर, फोटो तर एकदम क्लियर टाकलेत की ओ." म्हणलो फोटो क्लियर आहेत पण माझे डोळे नाहीत, प्रत्येक फोटोमागं दोन ओळी लिहायची जागा असते, तिथं गिऱ्हाइकाला काउंटरवर जसं सांगता तसं लिहा.

आणि त्यांनी खरंच लिहिलं, हे मला फार आवडलं. आता फोटोवर गेलं की ऐकू येतं: "मरून चादर, मध्ये पांढरे मोर, दोन्ही टोकांना पिवळा पट्टा, ६० बाय ९० इंच, उलट्या बाजूला रंग उलटे." उलट्या बाजूचं तर मोठमोठ्या कंपन्यांच्या साईटवर पण कुणी सांगत नाही. हे लिहिणारा माणूस मागावर बसलेला आहे हे कळतं. नवीन पेठेत दुकानात गेलो की पोरगा चादर हातात देऊन असंच सांगतो, फरक एवढाच की इथं त्याला घाई नसते.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी म्हणजे रेट कार्ड. होलसेलचे भाव एका पीडीएफमध्ये आहेत आणि ती पीडीएफ कुठल्या तरी डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये करून घेतलीय. दिसणाऱ्याला ते झकास मराठी दिसतं, पण ते युनिकोड नाही, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला मराठी म्हणून कळणारी अक्षरं नाहीत, आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच भरलेली असतात, वर फक्त मराठी अक्षरांचं सोंग. माझं स्क्रीन रीडर ते सोंग काढून वाचतं, म्हणजे कंस, डॉलर, मोठा एस, स्वल्पविराम, परत डॉलर. भाव काय कळतच नाही. आपल्याकडं लग्नपत्रिकेपासून सोसायटीच्या नोटिशीपर्यंत निम्म्या गोष्टी अजून अशाच टाईप होतात आणि मग लोक विचारतात गूगलवर मराठी मजकूर सापडत का नाही. यावर उपाय एकदम साधा आहे, तेच भाव साईटच्या पानावर युनिकोडमध्ये टेबल करून टाका, टेबलाला वर कॉलमची नावं द्या, झालं. अजून झालेलं नाही, डीटीपीवाले गावाला गेलेत म्हणे.

दुसरी गंमत भाषेची. पान मराठी, पण कोडमध्ये भाषा इंग्रजी लावलेली, त्यामुळं एनव्हीडीएचा इंग्रजी आवाज मराठी वाचायला जातो आणि तोंडघशी पडतो. एका ठिकाणी "ईएन" काढून "एमआर" करायचं होतं, मालकांच्या पुतण्यानं ते फोनवर बोलता बोलता केलं. मालक घरात तेलुगू, माझ्याशी मराठी, कुरियरवाल्याशी हिंदी बोलतात, त्यांना हा मुद्दा मला समजावावाच लागला नाही.

पैसे भरायचं पान मात्र वैताग. ओटीपी टाकायच्या जागी उलटी मोजणी लावलीय आणि ती दर सेकंदाला मोठ्यानं बोलते. मी आकडा ऐकून टाईप करायलोय, तर मध्येच "एकोणतीस सेकंद, अठ्ठावीस सेकंद", माझा सहावा आकडा त्या सत्ताविसात गेला. उलट चादर कार्टमध्ये पडली हे जिथं बोलायला पाहिजे तिथं साईट गप्प, वर कोपऱ्यात आकडा बदलतो म्हणे, मला काय कळणार, मी दाबत बसलो आणि कार्टमध्ये चादरींची थप्पी लागली. पिनकोड चुकला तर चौकट नुसती लाल होते, शब्दात काही नाही.

आईनं पण साईट बघितली, तिचं दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, ती अक्षरं मोठी करून वाचते. तिचं म्हणणं किंमत वाचताच येत नाही, क्रीमवर सोनेरी अक्षरं. वेब ॲक्सेसिबिलिटीचे जे जगभर मानतात ते डब्ल्यूसीएजी नियम आहेत, त्यात साध्या मजकुराला मागच्या रंगाशी किमान साडेचारास एक एवढा कॉन्ट्रास्ट, म्हणजे गडद-फिक्याचा फरक, सांगितलाय आणि अक्षरं दुप्पट मोठी केली तरी पान मोडायला नको असं पण. सोनेरी लग्नपत्रिकेवर ठीक आहे ओ, किमतीला काळा रंग द्या.

आणि आता तो कोपऱ्यातला निळा गोल. माणसाचं चिन्ह असलेलं बटन, दाबलं की अक्षर मोठं करा, रंग बदला, वाचून दाखवा असली लांबलचक यादी उघडते. कुणीतरी मालकांना विकलंय की एवढं लावलं की साईट सगळ्यांसाठी ओके, वर्षाचे पैसे पण घेतलेत. माझ्या फोनमध्ये आवाज आधीच आहे, त्यात त्याचा दुसरा आवाज सुरू झाला की गड्ड्याच्या जत्रेत दोन भोंगे समोरासमोर लागल्यासारखं होतं, धड एकही ऐकू येत नाही. आणि फोटोचं वर्णन, ओटीपीची कटकट, पीडीएफ यातलं त्यानं काहीच सुधारलं नाही. अमेरिकेत असंच टूल विकणाऱ्या एका कंपनीला खोट्या दाव्यांबद्दल २०२५ मध्ये दहा लाख डॉलर भरायला लागले. मी म्हणलो रिन्यू करू नका, तेवढ्यात पुतण्याला नवा लॅपटॉप येईल.

मालकांनी विचारलं, हे सगळं सक्तीचं आहे का. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिजिटल सोयी पण येतात, आणि एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ते प्रकरण केवायसीचं, म्हणजे बँकेबिंकेत ओळख पटवायचं होतं, ॲसिड हल्ला झालेल्या बायकांना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवा म्हणत होते, ज्यांना ते शक्यच नाही. हे ऐकून मालक थोडा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणले "आमचं तर साधं चादरीचं आहे सर, आमचं तर व्हायलाच पाहिजे."

म्हणून साडेतीन. हेडिंग नीट लावलीत, एनव्हीडीएमध्ये एच दाबत झटझट चादर, टॉवेल, चटणी असं जाता येतं. लॉगिनची सक्ती नाही, ती चित्रातले सिग्नल ओळखा वाली परीक्षा नाही, फोन नंबर साधा मजकूर आहे त्यामुळं दोन टॅपला कॉल लागतो. रेट कार्ड युनिकोडमध्ये आलं की चार करतो, ओटीपी गप्प बसला की साडेचार. तोपर्यंत होलसेलवाल्यांनी फोनच करावा, किरकोळ ऑर्डर साईटवरून बिनधास्त टाका, पण चटणी वेगळ्या पार्सलमध्ये मागवा, माझ्या चादरीला अजून लसणाचा वास येतोय.