लोककला संस्थेची नवी वेबसाइट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गोंधळी, आराधी आणि शाहिरांसोबत काम करणाऱ्या लातूर भागातल्या एका नोंदणीकृत संस्थेची ही साइट. जुनी साइट दिसायला वाईट नव्हती. वर फिरणारे पाच फोटो, खाली 'करसवलत मिळवा' अशी लाल पट्टी, कोपऱ्यात क्यूआर. लोक देणगीच्या पानापर्यंत यायचे आणि मग फोन करून विचारायचे, "हे खातं तुमचंच ना?" नव्या साइटचं सगळं काम या एका प्रश्नाभोवती झालं, म्हणून हे परीक्षणही त्याच प्रश्नाभोवती. रंग आणि लोगोबद्दल लिहीत नाही. ते बदलल्याने काही बिघडलं नाही, काही साधलंही नाही.

सगळ्यात जास्त फरक पडला तो नावाने. आपल्याकडे संस्था लोकांमध्ये एका नावाने ओळखली जाते आणि धर्मादाय कार्यालयात दुसऱ्याच. फलकावर सुटसुटीत दोन शब्द, नोंदणीत मात्र लांबलचक 'बहुउद्देशीय सेवाभावी संस्था'. क्यूआर स्कॅन केला की यूपीआय अॅप बँकेतलं नाव दाखवतं, तेही इंग्रजी अक्षरांत आणि बऱ्याचदा अर्ध्यावर तुटलेलं. मोंढ्यातला व्यापारी तिथेच थांबतो, आणि त्याचं बरोबर आहे. आता क्यूआरखाली एक ओळ आहे: 'स्कॅन केल्यावर असं नाव दिसेल', आणि पुढे अॅपमध्ये दिसतं तसंच, तुटलेलंसुद्धा, नाव. प्रत्येक अॅप नाव वेगळ्या ठिकाणी तोडतं, म्हणून तीन अॅपवर तपासून मगच ही ओळ लिहावी. हेच नोंदणीकृत नाव पॅनवर, पावतीवर आणि प्रत्येक पानाच्या तळाशी. 'खातं तुमचंच ना' हा फोन त्यानंतर जवळपास बंद झाला. खजिनदारांच्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर 'तात्पुरता' लावणाऱ्या संस्थांनी बाकी काहीही सुधारलं तरी उपयोग नाही.

नावाखालोखाल कागद. एफ अक्षराने सुरू होणारा सार्वजनिक न्यासाचा नोंदणी क्रमांक, पॅन, १२एबी (संस्थेची करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराची वजावट) या आयकर नोंदण्यांचे क्रमांक, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची आयडी, हे सगळं एका पानावर आणि प्रत्येकासमोर मुदत. ८०जीची नोंदणी कायमची नसते; तात्पुरती तीन वर्षांची, नियमित पाच वर्षांची. मुदत संपलेलं पत्र साइटवर राहिलं तर पत्र नसण्यापेक्षा वाईट दिसतं. जुन्या साइटवर नेमकं तेच होतं. सीएला फोन लावून मुदत विचारणारे देणगीदार लातुरातही आहेत.

विश्वस्तांच्या यादीत एक खोच आहे. कार्यकारिणी बदलली की धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत चेंज रिपोर्ट जातो, पण तो मंजूर होईपर्यंत शेड्यूल वनवर, म्हणजे संस्थेच्या सरकारी नोंदणी उताऱ्यावर, जुनीच नावं राहतात. निवर्तलेले सदस्यसुद्धा. साइटवर नवी नावं आणि सरकारी उताऱ्यावर जुनी, हे कुणाच्या लक्षात आलं की शंका सुरू. यादीखाली आता साधं वाक्य आहे: अमुक तारखेला चेंज रिपोर्ट दाखल, निर्णय प्रलंबित. लपवण्यासारखं त्यात काहीच नाही.

करसवलतीची लाल पट्टी काढली, आणि तो निर्णय बरोबर ठरला. एक तर आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात ८०जीची वजावट मिळत नाही. दुसरं, '५० टक्के सवलत' वाचून लोकांना वाटतं निम्मे पैसे परत येणार. आता पानावर उदाहरण आहे: जुनी प्रणाली निवडलेल्याने ₹१०,००० दिले तर ₹५,००० उत्पन्नातून वजा होतात, आणि २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर उपकरासह ₹१,०४० कर वाचतो. शिवाय एकूण मर्यादा आहे, ₹२,००० वरची रोख देणगी धरली जात नाही, आणि हार्मोनियम किंवा सतरंज्या दिल्या तर वजावट अजिबात नाही. आकडा लहान दिसतो, पण मार्चनंतर होणारी वादावादी थांबते. कलम क्रमांक मात्र साइटवर एकाच जागी लिहावेत आणि बाकी पानांवर तिथूनच यावेत. २०२५ चा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. वीस पानांत हाताने लिहिलेलं '८०जी' शोधत बसणं नको.

आता पावती. सगळ्यात जास्त वेळ हिनेच खाल्ला.

पहिली चूक तांत्रिक. पैसे भरून झाल्यावर 'धन्यवाद' पान उघडलं की पावती तयार व्हावी, अशी जुळणी होती. पण यूपीआयने पैसे देणारा माणूस बँकेचा संदेश आला की अॅप बंद करतो, साइटवर परत येतच नाही. पैसे खात्यात, पावती नाही. उपाय म्हणजे पावती पेमेंट गेटवेच्या वेबहूकवर बांधायची; पैसे जमा झाल्याचा संदेश गेटवे थेट सर्व्हरला पाठवतो, देणगीदाराचं पान उघडं असो वा नसो. हा संदेश कधीकधी दोनदा येतो, म्हणून पेमेंट आयडी आधी नोंदलेला आहे का ते तपासल्याशिवाय नवा पावती क्रमांक देऊ नये. नाही तर एका देणगीच्या दोन पावत्या निघतात आणि ऑडिटला उत्तर द्यावं लागतं.

दुसरी चूक डोळ्यांना दिसणारी. पीडीएफ बनवणाऱ्या बऱ्याच लायब्रऱ्यांना (तयार कोडच्या संचांना) देवनागरीची जोडणी येत नाही. 'निधी'ची पहिली वेलांटी न च्या उजवीकडे, 'वर्षा'तला रफार न चढता पाय मोडलेला र वेगळाच उभा, 'ज्ञानेश्वर'मधल्या ज्ञची फोड. स्वतःचं नाव असं मोडून आलेली पावती पाहून माणूस संस्थेबद्दल काय समजेल? एमपीडीएफ या लायब्ररीत ओटीएल ही जोडाक्षरं नीट बसवणारी सोय चालू केली की हे सुटतं. नाही तर पावती साधं वेबपान म्हणून बनवून सर्व्हरवरच्या क्रोमकडून पीडीएफ करून घ्यावी. चाचणी 'अबक' लिहून करू नये. श्रीकृष्ण, ज्ञानोबा, कुऱ्हाडे, वर्षा, मिट्टू अशी नावं टाकून बघावी.

अक्षरी रकमेचंही तसंच. इंग्रजीत वीसनंतर शब्द जोडत जाता येतात, मराठीत १ ते ९९ सगळे स्वतंत्र, त्यामुळे पूर्ण तक्ताच भरावा लागतो. एकोणसाठ आणि एकोणसत्तर कुणीतरी मोठ्याने वाचून तपासावेत.

ईमेलने गेलेल्या पावत्या सुरुवातीला स्पॅममध्ये पडायच्या, कारण पाठवणारा पत्ता जीमेलचा आणि पाठवणारा सर्व्हर दुसराच. डोमेनचाच पत्ता घेऊन एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी (मेल खरंच आपल्याच डोमेनची आहे हे पटवणाऱ्या) डोमेनच्या डीएनएस सेटिंगमध्ये टाकल्यावर सुधारलं. तरी खरं सांगायचं तर इकडे मेल उघडून बघतो कोण? कार्यालयाच्या फोनवरून तीच पीडीएफ व्हॉट्सअॅपवर हाताने पाठवली जाते, आणि 'पोचली' हे उत्तर तिथेच येतं.

पावतीवर ठळक लिहिलेलं असावं की ही पोच आहे, करवजावटीचं प्रमाणपत्र नाही. ते प्रमाणपत्र म्हणजे जुन्या कायद्यातला फॉर्म १०बीई; संस्थेने १०बीडी हे देणग्यांचं विवरणपत्र भरल्यावर ते आयकर पोर्टलवरून निघतं आणि दोन्हींची मुदत ३१ मे. उशीर झाला तर दिवसाला ₹२०० विलंब शुल्क. १०बीडीसाठी देणगीदाराचं नाव, पत्ता आणि पॅनसारखा ओळख क्रमांक लागतो, म्हणून फॉर्ममध्ये नावाचे दोन रकाने केले: पावतीसाठी मराठीत, १०बीईसाठी पॅनवर आहे तसं इंग्रजीत. एकच रकाना असताना मे महिन्यात शंभरेक नावांचं स्पेलिंग विचारत बसावं लागतं.

फॉर्मचा आणखी एक दोष फक्त मराठी माणसांनाच भोवतो. फोनवर मराठी कळफलक असला की रक्कम '५०१' अशी टाइप होते आणि फॉर्म म्हणतो, 'वैध आकडा भरा'. देणगीदाराने आकडाच भरलेला असतो! देवनागरी अंक मुकाट्याने इंग्रजी अंकांत बदलून घेणारी चार ओळींची दुरुस्ती पुरते. त्याच ओघात तयार रकमांची बटणंही बदलली. ५००, १०००, २५०० ऐवजी ५०१, ११०१, २५०१. वरचा रुपया आपल्याकडे सवयीचा आहे आणि गोल रकमेचं बटण बिलासारखं दिसतं.

हिशेबाच्या पानाबद्दल मत थोडं कडक आहे. जुन्या साइटवर ऑडिट रिपोर्टची तिरकी स्कॅन केलेली १२ एमबीची फाइल होती. ती असून नसल्यासारखी. आता तीन वर्षांचे रिपोर्ट, प्रत्येकी २ एमबीच्या आत, आणि वर एका पडद्यात मावणारा तक्ता: कलाकार मानधन, प्रशिक्षण शिबिरं, ध्वनिमुद्रण, कार्यालय. या तक्त्यातली शीर्षकं शेड्यूल नाइन या धर्मादाय कार्यालयाच्या जमाखर्चाच्या नमुन्यातल्या शीर्षकांशी जुळलीच पाहिजेत. डिझाइन करणाऱ्याने सुंदर दिसावं म्हणून 'कार्यालय खर्च' गोल आलेखातून गाळला होता. तो परत घातला. कार्यालयाला भाडं आणि वीजबिल लागतं हे मोंढ्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. शून्य दाखवलं तरच त्याला वास येतो. चालू वर्षाच्या आकड्यांवर 'लेखापरीक्षण बाकी' असा शिक्का असतो, आणि ऑडिट झालं की सप्टेंबरच्या सुमारास तो निघतो.

फोटोंच्या बाबतीत एकच नियम उपयोगी पडला: विकत घेतलेला फोटो नको. पुण्याच्या मिरवणुकीतला ढोल-ताशा गोंधळाच्या पानावर लागला तर तुळजापूरकडचा माणूस एका नजरेत ओळखतो. तसंच संबळाला फोटोखाली 'ढोलकी' म्हटलेलंही. प्रत्येक फोटोखाली कलाकाराचं नाव, गाव, वाद्य, महिना-वर्ष, आणि फोटो वापरायला त्यांची लेखी संमती. रुंदी १२०० पिक्सेल, वेबपी या हलक्या फाइल प्रकारात, २०० केबीच्या आत. आपोआप सुरू होणारा व्हिडिओ काढून संबळ-तुणतुण्याचा ३० सेकंदांचा तुकडा ठेवला. ६४ केबीपीएसला तो २४० केबी होतो आणि अर्धवट नेटवर्कवरही वाजतो.

अक्षरांबद्दल थोडक्यात. शीर्षकांना लेटर स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) देऊ नये, शिरोरेखा तुटते. ओळींमधलं अंतर १.६ च्या खाली गेलं की उकार आणि वरच्या मात्रा एकमेकांना भिडतात. पानाची भाषा 'मराठी' अशी नोंदवली तर नोटोसारखे फाँट ल आणि श मराठी वळणाचे दाखवतात, नाही तर हिंदी वळणाचे येतात. जुने अहवाल श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये, असतील तर आधी युनिकोडमध्ये आणावेत.

परदेशातून देणगी हा हळवा विषय. एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची, नोंदणी नसेल तर परकीय नागरिकाचे पैसे घेता येत नाहीत, आणि अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला उदगीरचा मुलगा, ओसीआय (परदेशस्थ भारतीय वंशाच्या लोकांचं) कार्ड असलं तरी, कायद्याला परकीयच. भारतीय पासपोर्टवर तिकडे राहणाऱ्याला ही अडचण नाही. गेटवेमध्ये परदेशी कार्डं बंद केली आणि फॉर्मवर पासपोर्टबद्दलचा प्रश्न टाकला. काही जण दुखावतात. त्यांच्यासाठी कारण सांगणारं छोटं पान आहे.

न जमलेल्या गोष्टीही सांगायला हव्यात. मासिक देणगीचं बटण लावलं आणि काढलं. प्रत्येक वजावटीच्या २४ तास आधी बँकेकडून सूचना जाते, ती पाहून लोक घाबरून फोन करतात. पुन्हा लावायचं तर त्या सूचनेचा नमुना पानावर आधीच दाखवून. किमान रक्कम ठरवली नव्हती तेव्हा चोरीची कार्डं चालतात का ते बघायला बॉटकडून ₹१, ₹२ चे व्यवहार आले. ₹१०१ ची किमान मर्यादा आणि कॅप्चा, त्यावर थांबलं. डोमेन साइट बनवणाऱ्याच्या नावावर होतं. ते संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्याच ईमेलवर आणायला सहा आठवडे गेले. हे काम सगळ्यात आधी करावं. साइट सुरक्षित असल्याचं दाखवणारं मोफत एसएसएल प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं, आपोआप नूतनीकरण अडलं की ब्राउझर लाल इशारा दाखवतो.

आणि अजून न सुटलेला घोळ म्हणजे पावतीपुस्तक. नवरात्रात, यात्रेत, सप्ताहात देणगी रोखीनेच येते आणि पावती हाताने फाडली जाते. दोन मालिकांचे क्रमांक एकमेकांवर चढू नयेत म्हणून साइटच्या क्रमांकाआधी 'ऑ' आणि पुस्तकाच्या क्रमांकाआधी 'पु' लावलं. तरी पुस्तकातल्या नोंदी दर शनिवारी कुणीतरी साइटच्या नोंदवहीत चढवाव्या लागतात, तासभर जातो, आणि पत्त्याच्या रकान्यात अजूनही नुसतं 'रा. औसा' लिहिलेलं सापडतं.