सरकलेली गादी आणि रोड बाइक : आठ महिन्यांचा अनुभव

मागच्या ऑक्टोबरात रोड बाइक घेतली, म्हणजे खाली वळलेल्या हँडलची, पुढे झुकून चालवायची सायकल. आता जून लागलाय. मीटर २,८०० किलोमीटरच्या थोडा पुढे गेलाय. आठवड्यात दोनदा पहाटे ऐरोली पूल ओलांडून पाम बीच रोड, आणि रविवारी मुलुंड ते मरीन ड्राइव्ह नि परत. वय ४७, उंची १७२ सेंटीमीटर, वजन ७६ किलो, नोकरी बैठी. तीन वर्षांपूर्वी कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकली होती. डाव्या पायात पोटरीपर्यंत कळ, सहा आठवडे घरी, शिंक येणार असं वाटलं की आधी भिंत धरायची. ज्यांनी भोगलंय त्यांना याहून जास्त सांगायला नको.

सायकलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक तीच मागवतात, आणि पाठीला नाव कळत नाही, मापं कळतात. एवढंच सांगतो : अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), डिस्क ब्रेक, शिमानो सोराचे नऊ गियर, वजन साडेदहा किलो, किंमत लाखाच्या जरा आत.

त्याआधी चार वर्षं हायब्रिड चालवत होतो. सरळ हँडल, पुढे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, वर मी हौसेने चढवलेलं जाड जेलचं सीट. ताठ बसायचं म्हणजे पाठीला आराम, असा माझा आणि घरातल्या सगळ्यांचा समज. मग दहा किलोमीटरनंतर कंबर का भरून येते, ते काही केल्या कळत नव्हतं. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी एकदा सायकलसकट बोलावलं आणि भिंतीला टेकवून बसायला लावलं. म्हणाल्या, "तुम्ही ताठ बसलेलाच नाही आहात. कमरेचं हाड मागे पडलंय आणि कंबर पोत्यासारखी गोल झालीय." खरंच होतं. आरामखुर्चीसारखं बसलं की वरचं सगळं वजन माकडहाडाच्या वर गोळा होतं आणि मागच्या चाकाखालचा प्रत्येक खड्डा सरळ मणक्यातून डोक्यापर्यंत जातो. पुढचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर तळहात वाचवतो, कंबरेला त्याचा काय उपयोग?

त्यांचं दुसरं वाक्य मी आजही सायकलवर बसताना मनात म्हणतो : "वाकायचं ते कंबरेतून नाही, खुब्यातून." खुब्याच्या सांध्यातून पुढे झुकलं तर पाठ जवळजवळ सरळ राहते, थोडं वजन हातांवर जातं, थोडं पेडलवर, आणि दणका तीन ठिकाणी वाटला जातो. पण हँडल फार लांब किंवा फार खाली असेल, किंवा मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असतील, तर खुबा वळत नाही आणि वाकण्याचं सगळं काम कंबर करते. मग तीच रोड बाइक हायब्रिडपेक्षा वाईट.

याचा पुरावा मेव्हण्याच्या सायकलवर मिळाला. त्याची शर्यतीची, कार्बनची, माझ्या सायकलीच्या तिप्पट किमतीची. "दाजी, एकदा चालवून बघा, पिसासारखी आहे." पिसासारखी होती खरी. मुलुंडहून विक्रोळीला पोचेपर्यंत पोटरीत मुंग्या. परत येताना तो माझ्या हायब्रिडवर आणि मी रिक्षात.

घरी येऊन मापं शोधली. बॉटम ब्रॅकेटच्या (जिथे पेडलचा आस बसतो) मध्यापासून हेड ट्यूबच्या (हँडलखालची फ्रेमची नळी) वरच्या टोकापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक, आणि त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर म्हणजे रीच. मेव्हण्याच्या सायकलीचा स्टॅक ५४० मिलिमीटर, रीच ३८६. भागाकार १.४०. मी नंतर घेतली तिचा स्टॅक ५६६, रीच ३७६, म्हणजे १.५०. कागदावर हा फरक अडीच सेंटीमीटर उंची आणि एक सेंटीमीटर लांबी एवढाच. दुकानात डोळ्यांनी दिसणारही नाही. कंबरेला मात्र पहिल्या पाच मिनिटांत दिसतो. ढोबळमानाने भागाकार दीडच्या आसपास किंवा वर असला की ती 'एन्ड्युरन्स' बनावटीची सायकल, लांब पल्ल्याला आरामात बसता येईल अशी. प्रत्येक कंपनी ही मापं साइजनुसार छापते. रंग बघायच्या आधी तो तक्ता बघा.

या वर्गातल्या गाजलेल्या सायकलींबद्दल महिनाभर वाचत होतो. स्पेशलाइज्डची रूबे २००४ पासून आहे, पॅरिस-रूबे शर्यतीतल्या दगडी रस्त्यांवरून नाव पडलेली. नंतरच्या रूबेमध्ये हँडलच्या खाली स्प्रिंग आली, वीस मिलिमीटर दबणारी. ट्रेकने २०१२ मध्ये डोमाने काढली, तिच्यात सीटची नळी वरच्या नळीपासून सुटी करून थोडी लवचीक ठेवली. जायंटची डिफाय, कॅननडेलची सिनॅप्स याच पंगतीतल्या. आपल्याकडे दगडी रस्ते नाहीत, पेव्हर ब्लॉक आहेत, त्यामुळे मोह झालाच. पण वरची मॉडेलं काही लाखांत जातात. तेवढे पैसे घालून मी ती सायकल खाली लावायला घाबरलो असतो, आणि दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यायची वेळ आली असती. (या उचलण्याची गोष्ट पुढे आहे.)

दुकानातला प्रसंग सांगतो, कारण तो तुमच्यावरही येईल. मला ५४ साइजची हवी होती, स्टॉकमध्ये ५६ होती. "काका, सीट पुढे सरकवली की झालं." सीट पुढे सरकवून हँडल जवळ येतं हे खरं, पण पेडलच्या हिशेबात गुडघा पुढे जातो आणि दुखणं कंबरेतून गुडघ्यात उतरतं. सीटची जागा पायांसाठी ठरवायची, हँडलची हातांसाठी. तीन आठवडे थांबलो, ५४ आली. दुसरी गोष्ट : फोर्कची वरची नळी कापू देऊ नका. नव्या सायकलवर हँडलखाली तीन सेंटीमीटरच्या रिंगा होत्या, म्हणजे स्पेसर. "दिसायला चांगलं दिसतं" म्हणून काढून नळी छाटायला निघाले होते. एकदा छाटली की हँडल परत वर येत नाही.

पहिला महिना चांगला गेला असं म्हणता येणार नाही. पंधरा किलोमीटरला कंबर आखडायची, मान दुखायची, उजव्या हाताची करंगळी बधिर व्हायची. बाइक फिट करणाऱ्याकडे, म्हणजे अंगाच्या मापाने सायकल जुळवून देणाऱ्याकडे, साडेतीन हजार दिले. या सगळ्या खर्चातले ते सर्वांत वसूल झालेले पैसे. त्याने आधी जांघेपासून तळव्यापर्यंत माप घेतलं, ८० सेंटीमीटर. त्याला ०.८८३ ने गुणायचं, ७०.६ आलं, ही बॉटम ब्रॅकेटपासून सीटची उंची. माझ्यासाठी त्याने ती ६९.८ वर ठेवली. सीट जरा जरी जास्त उंच असेल तर पेडल खाली जाताना कमरेचं हाड डावी-उजवीकडे डुलतं, आणि तासाला पाच हजारदा कंबर करवतीसारखी हलते. मग स्टेम, म्हणजे हँडल फोर्कला जोडणारा तुकडा, १०० मिलिमीटरचा काढून ८० चा उलटा करून लावला, म्हणजे तोंड वर. हँडल दोन सेंटीमीटर जवळ आलं आणि थोडं वरही. सीटचं नाक दोन अंश खाली केलं, त्यामुळे खुब्यातून झुकणं सोपं झालं. त्याहून जास्त खाली केलं की आपण घसरतो आणि हातांवर भार येतो. हा प्रयोग मी करून पाहिलाय.

सीटचं वेगळं सांगायला हवं. जाड, मऊ सीट हा सगळ्यांत मोठा गैरसमज. मऊ गादीत बसायची हाडं रुततात, कंबर गोल होते. सीट कडक चालेल, रुंदी बरोबर हवी. जिन्याच्या पायरीवर नागमोडी पुठ्ठा ठेवून त्यावर पुढे झुकून बसा, दोन खळगे उमटतात, त्यांच्या मधलं अंतर मोजा. सायकलबरोबर आलेलं सीट १४३ मिलिमीटरचं होतं, मला १५५ लागलं. मध्ये खाच असलेलं. पुठ्ठ्यावर बसलेला पाहून सौ. काही बोलली नाही, फक्त फोटो काढला. तो आता भावंडांच्या ग्रुपवर आहे.

पण रस्त्याचा मार कमी करण्यात सगळ्यांत मोठा वाटा टायरचा. माझ्या फ्रेममध्ये ३२ मिलिमीटरचं टायर बसतं, आणि हे घेण्याआधी विचारून घेतलं होतं. २५ किंवा २८ च्या वर जागाच नसलेली सायकल मुंबईत पाठीच्या माणसाने घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत. दुकानाने ९० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरून दिली होती. तशी चालवली आणि ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवरच्या उड्डाणपुलांचा प्रत्येक जोड मोजून झाला. आता पुढे ५२, मागे ५८ ठेवतो. जोड अजून कळतात, पण दात वाजत नाहीत. यात एक पैसाही गेला नाही. नंतर २७.२ मिलिमीटरचा कार्बनचा सीटपोस्ट (सीटखालची दांडी) टाकला, बरेच पैसे घालून. फरक आहे, पण हवा कमी केल्याने पडला त्याच्या पावही नाही. पुन्हा करायचं तर तो खर्च वाचवेन.

एक मुंबईची अडचण : या ट्यूबांना बारीक, प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. सायनच्या पुढे एका पहाटे हवा कमी झाली आणि पंक्चरवाल्याकडचा पाइप त्यावर बसेना. वीस-तीस रुपयांचा पितळी अडॅप्टर मिळतो, तो तेव्हापासून सीटखालच्या पिशवीत आहे.

गियरचा पाठीशी संबंध आहे हे मला आधी माहीत नव्हतं. जड गियरमध्ये जोर लावला की प्रत्येक दाबाला कंबर ताणली जाते. माझ्याकडे पुढे ५० आणि ३४ दातांची चक्रं, मागे ११ ते ३४ दातांची, म्हणजे सगळ्यांत हलक्या गियरला पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. पेडर रोडचा चढ मी त्या गियरवर, मिनिटाला ऐंशी फेरे मारत, डेअरीच्या भैयाच्या मागे मागे चढतो. लाज वाटत नाही. पाय हलके फिरले तर घरी आल्यावर बूट काढताना ओरडावं लागत नाही.

आणि आता ती गोष्ट, जी कुठल्याही सायकलच्या माहितीपत्रकात नव्हती. मुंबईतली सायकलवाली मंडळी पहाटे साडेचार-पाचला निघतात, कारण सातनंतर रस्ता आपला राहत नाही. पण रात्री झोपेत मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपण एक-दोन सेंटीमीटर उंच असतो, ते यामुळेच. फुगलेली गादी वाकवली तर तिच्यावर ताण जास्त. सकाळच्या पहिल्या तासांत कंबरेतून वाकणं टाळलं तर जुनी कंबरदुखी कमी होते, असं दाखवणारा १९९८ चा अभ्यास मॅडमनी मला समजावून सांगितला. ती उंची पहिल्या तासातच अर्ध्याहून जास्त उतरते. म्हणून मी चारला उठतो आणि सव्वापाचला निघतो. मधल्या वेळात चहा, घरातल्या घरात फेऱ्या, आणि कॅनडाच्या स्टुअर्ट मॅकगिल यांचे तीन व्यायाम : पाठ सरळ ठेवून डोकं किंचित उचलणं, कुशीवरचा प्लँक, आणि हातापायांवर ओणवं राहून उलटसुलट हात-पाय लांब करणं. बुटाच्या नाड्या स्टुलावर पाय ठेवून बांधतो. हे सुरू केल्यापासून जेवढा फरक पडला तेवढा नव्या सायकलनेही पडला नाही, हे कबूल करतो.

आठ महिन्यांत पाठ एकदाच गेली, जानेवारीत. मरीन ड्राइव्हहून सत्तरेक किलोमीटर करून आलो, कंबर अगदी मोकळी, अंगात वारं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. सायकल एका हाताने उचलून खांद्यावर घेताना वळलो, आणि पहिल्या मजल्याच्या कठड्याला धरून तसाच उभा राहिलो. शेजारच्या काकूंनी सायकल वर नेली. दहा दिवस सुट्टी. आता सायकल तळमजल्यावर, वॉचमनच्या खोलीमागे दोन कुलपांत. तिथे खारी हवा लागते, स्क्रूंना गंज चढतो, डिस्क ब्रेक दमट सकाळी करकरतात. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने पुसून तेल देतो. गंज परवडला.

पायात बधिरपणा वाढत असेल किंवा लघवीवरचा ताबा कमी झाल्यासारखा वाटत असेल, तर सायकल सोडा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बाकीच्यांनीही विकत घेण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यावं. माझ्यासाठी बरोबर ठरलेले आकडे दुसऱ्या कंबरेला बरोबर ठरतीलच असं नाही.

पावसाळ्यात काय, हा प्रश्न आहे. मेव्हण्याकडून घरात चालवायचा ट्रेनर आणला होता. त्यावर अर्ध्या तासात कंबर बोलायला लागते, कारण सायकल जागेवर जखडलेली असते, अंगाखाली हलत नाही, आणि आपण नकळत उठत-बसत नाही. दर दहा मिनिटांनी उभा राहून पेडल मारतो तेव्हा कुठे जमतं. दिवाळीनंतर क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, १७० मिलिमीटरचा काढून १६५ चा टाकायचा आहे, पेडल वर येताना खुबा कमी मिटतो म्हणतात. तोवर पाऊस उघडला की पहाटे पाम बीच, हवा ५२-५८, आणि हवा भरायला खाली वाकावं लागू नये म्हणून आणलेला चार्जिंगचा छोटा पंप. तो एवढा आवाज करतो की वॉचमन दचकून उठतो.