मिलेश्ती मिच : गाडीसकट तळघरात

पूर्व युरोपातल्या मोल्दोव्हात वाइनचं तळघर बघायचं म्हटलं की दोन नावं पुढे येतात, क्रिकोवा आणि मिलेश्ती मिच. क्रिकोवात विजेवर चालणाऱ्या छोट्या गाडीतून फिरवतात. मिलेश्ती मिचला आपली गाडी आपणच चालवत आत नेता येते, म्हणून आम्ही तिकडे वळलो. राजधानी किशिनाऊपासून साधारण वीस किलोमीटर, बुकिंग आधी करावं लागतं. दाराबाहेर दोन कारंजी आहेत, एक लाल आणि एक पांढऱ्या वाइनच्या रंगाचं. बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "पिता येतं का?" (येत नाही.)

गाइड माझ्या शेजारच्या सीटवर, बाबा मागे. दार ओलांडलं की हेडलाइट लावायचे आणि ती सांगेल तसं वळायचं. मुळात ही चुनखडीची खाण. १९६९ पासून तिथे वाइन साठवायला लागले. बोगदे एकूण दोनशे किलोमीटरचे, त्यातले पंचावन्न किलोमीटर वापरात आहेत. रस्त्यांना वाइनची नावं : हा काबेर्ने, तो फेतास्का. वळणांवर रहदारीच्या खऱ्या पाट्याही आहेत. मला तर हे गाडी चालवणंच सगळ्यात आवडलं. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच लाकडी पिंपं, मधून जेमतेम आपली गाडी, आणि नकाशावरचा निळा ठिपका वरच कुठेतरी अडकलेला. भाड्याने गाडी घेताना लहानच घ्या. आम्हाला एजन्सीने बुक केलेल्या छोट्या गाडीऐवजी "अपग्रेड" म्हणून थोराड एसयूव्ही गळ्यात मारली होती, तिचे आरसे सांभाळताना माझा घाम निघाला. तोही १२–१४ अंशांत! बाराही महिने तापमान एवढंच असतं. भर उन्हाळ्यात गेलात तरी स्वेटर हवाच.

पुढे गाडी लावून पायी जायचं. भिंतीत कोनाडे, त्यात आडव्या रचलेल्या बाटल्या, वर धुळीचा आणि बुरशीचा काळपट थर. बाटल्यांना लेबल नाही. वाण आणि साल कोनाड्यापाशी लिहिलेलं. हवा इतकी दमट की कागद टिकणारच नाही. २००५ साली गिनीज बुकात नोंद झाली ती १५ लाख बाटल्यांची.

बाबा निफाडचे द्राक्ष बागायतदार, माल काढला की चार दिवसांत विकायची घाई. "अगं, एवढा माल नुसता पाडून ठेवलाय? व्याज कोण भरतं?" मी भाषांतर केलं, गाइड मनापासून हसली. मग छाटणीवर गाडी घसरली. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. त्यांच्याकडे वेल हिवाळाभर बर्फात झोपलेला, त्यामुळे छाटणी एकदाच. मोल्दोव्हा सोव्हिएत संघात असताना, १९८५ मध्ये सुरू झालेल्या सोव्हिएत नेते गोर्बाचेव्हच्या दारूविरोधी मोहिमेत इथल्या बागा उपटल्या गेल्या, हे ऐकल्यावर मात्र बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढे रशियाने २००६ आणि २०१३ मध्ये मोल्दोव्हाच्या वाइनवर बंदी घातली. गिऱ्हाईक एकच असलं की काय होतं, ते कांदा-द्राक्षवाल्यांना समजवायला नको.

टेस्टिंगही जमिनीखालीच. सोबत चीज आणि प्लाचिंते, म्हणजे सारण भरलेले खमंग चपटे पाव. प्लाचिंते गरम होते आणि मी ते भरपूर खाल्ले, कारण गाडी मला चालवायची होती. इथे येताना न पिणारा एक माणूस बरोबर आणा, नाहीतर किशिनाऊहून टॅक्सी करा. टॅक्सीही आत जाते. वाइन बनते कशी हे बघायची हौस असेल तर नाशिकची एखादी वायनरी जास्त शिकवेल. इथे ती फक्त मुरते.

पाचपैकी चार तारे. बाबांनी गोड मस्कत घेतली, ती अजून उघडलेली नाही. "भाव चढू दे," म्हणतात.