काकांचं 1982 चं सीको फाइव्ह, आठ महिने रोज घातल्यावर

मार्चपासून हे एकच घड्याळ हातावर आहे, पावसाळ्यातले काही दिवस सोडले तर रोज. घेतल्या घेतल्या लिहिणार होतो पण पहिल्या पंधरा दिवसांत सगळंच भारी वाटतं, म्हणून थांबलो.

घड्याळ म्हणजे सीको फाइव्ह, ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं), आत 7009 नंबरचं मशीन, 17 ज्वेल म्हणजे आतली चाकं ज्यावर फिरतात ते बारीक खडे, स्टीलची केस, स्टीलचाच पट्टा, निळी डायल. माझ्या थोरल्या काकांचं. आमचं गाव रत्नागिरीजवळ, काका 81 ला मस्कतला कामाला गेले आणि 83 च्या मे महिन्यात पहिल्यांदा सुट्टीला आले तेव्हा हे हातात घालून आले. कोकणात ज्यांच्या घरातलं कोणी आखातात होतं त्यांना वेगळं सांगायला नको, टेपरेकॉर्डर, अत्तर, नायलॉनच्या साड्या आणि सीको. त्या काळात आपल्याकडे बाहेरच्या मालावर कडक निर्बंध होते, दुकानात जाऊन आपल्या एचएमटीसारखं सरळ मागून घ्यायची ही वस्तू नव्हती, कोणीतरी आणलं तरच मिळायचं. काकांनी ते तीसेक वर्षं घातलं, मग सेलवालं घेतलं आणि हे कपाटात गेलं. मागच्या शिमग्याला गावी गेलो तेव्हा काकू म्हणाली, "तुला घड्याळांचा नाद आहे ना, घेऊन जा, इथं नुसतं पडून आहे." हातात घेऊन दोनदा हलवलं आणि सेकंदकाटा चालायला लागला, खरंच सांगतो अंगावर काटा आला.

यात फाइव्ह कशासाठी ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. 1963 ला सीकोने स्पोर्ट्समॅटिक फाइव्ह काढलं तेव्हा पाच गोष्टींचं वचन होतं: ऑटोमॅटिक मशीन, वार आणि तारीख एकाच खिडकीत, पाण्यापासून बचाव, चावीचं बटण 4 च्या आकड्याजवळ आत बसवलेलं, आणि दणकट केस-पट्टा. बटण 4 जवळ का, तर याला रोज चावी द्यायचीच नाही, मग ते बाहेर येऊन मनगटाला टोचायचं कशाला. माझ्या 7009 मध्ये तर हाताने चावी द्यायची सोयच नाही, बटण फिरवत बसलात तर काहीही होणार नाही. सगळं काम आतला रोटर, म्हणजे हात हलला की फिरणारं वजन, करतो. आणि इथे सीकोची जी करामत आहे ती मला सगळ्यात जास्त आवडते, मॅजिक लिव्हर म्हणतात तिला, 1959 ची. एक छोटासा चिमट्यासारखा दोन हातांचा लिव्हर, रोटर इकडे फिरला की त्याचा एक हात दातेरी चाक ओढतो, तिकडे फिरला की दुसरा हात ढकलतो, पण चाक मात्र एकाच दिशेने पुढे सरकतं. म्हणजे हात कसाही हलला तरी स्प्रिंग भरतेच. इतके कमी पार्ट आणि इतकं काम. गंमत बघा, 1969 च्या डिसेंबरमध्ये जगातलं पहिलं क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारं, मनगटी घड्याळ, ॲस्ट्रॉन, याच सीकोने विकायला काढलं आणि त्या क्वार्ट्झच्या लाटेत भल्याभल्यांची ऑटोमॅटिक बंद पडली, पण त्यांनी स्वतःचं हे स्वस्तातलं फाइव्ह बनवायचं थांबवलं नाही.

आता अनुभव. आणलं तेव्हा दिवसाला पाऊण मिनिट पुढे जात होतं. दादरला एका जुन्या घड्याळवाल्या काकांकडे दिलं, त्यांनी पूर्ण खोलून साफ केलं, ऑईल घातलं, मागच्या झाकणाचं रबर बदललं, 900 रुपये घेतले. डायलला हात लावू नका एवढं मी तीनदा सांगितलं. आता दिवसाला 10-12 सेकंद पुढे जातं, रविवारी सकाळी फोनशी जुळवतो. जुळवताना सेकंदकाटा थांबत नाही, त्यामुळे अगदी सेकंदाला सेकंद लावणं नाही जमत, त्याची सवय करून घ्यावी लागते. शुक्रवारी रात्री काढून ठेवलं तर रविवारी सकाळी बहुतेक चालू सापडतं, दुपारपर्यंत मात्र बंद पडलेलं असतं. सेकंदकाटा सेकंदाला सहा बारीक ठोके घेत सरकतो, लोकलमध्ये उभा असताना मी नुसता तो बघत राहतो.

वाराची चकती इंग्रजी आणि अरबी अशी दोन भाषांची आहे. रात्री वार बदलताना दोन इंग्रजी वारांच्या मधे अरबी येऊन जातो, पहाटे अवेळी जाग आली आणि दिवा लावून बघितलं तर खिडकीत अरबी वार दिसतो. काकांनी मस्कतला रात्रपाळ्या केल्या त्यात हे किती वेळा बघितलं असेल असं तेव्हा मनात येतं. एक महत्त्वाचं, रात्री साधारण नऊ ते पहाटे चारच्या मधे वार-तारीख बटणाने बदलू नका, आतले दात तेव्हा अडकलेले असतात, तुटू शकतात.

त्रास पण आहेत. पट्टा पत्र्याच्या घड्या घालून केलेला, हलका आणि खुळखुळणारा, हातावरचे केस ओढतो. काट्यांवरची चमक कधीच गेलीय, अंधारात काही दिसत नाही. पावसात मी घालत नाही, रबर नवीन असलं तरी चाळीस वर्षांच्या घड्याळावर मला तो भरवसा नाही टाकायचा.

आता जे सांगायला मुळात लिहायला बसलो ते. याच्या आधी मी ऑनलाइन एक सीको फाइव्ह घेतलं होतं, भडक केशरी डायल, नव्यासारखं चकचकीत, ओरिजिनल म्हणून विकलेलं. घरी आल्यावर भिंगाखाली बघितलं तर डायल नवीन रंगवलेली, अक्षरं जाड आणि वाकडी, काटे दुसऱ्याच मॉडेलचे. अशा घड्याळांना परदेशातले संग्राहक "मुंबई स्पेशल" म्हणतात आणि मुंबईचा माणूस म्हणून मला ते लागतं. जुनी मशीनं चालू ठेवणारे आपले कारागीर हुशार आहेत, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे, राग आहे तो रंगवलेलं ओरिजिनल म्हणून विकण्याचा. घेणाऱ्याने निदान एवढं बघावं: डायलच्या अगदी खालच्या कडेला बारीक अक्षरांत कोड असतो त्यातले पहिले चार आकडे आणि मागच्या झाकणावरच्या मॉडेल नंबरातले पहिले चार आकडे सारखे हवेत, कोडच नसेल किंवा फासल्यासारखा दिसत असेल तर डायल रंगवलेली समजा. झाकणावर वेगळा सिरीयल नंबरही असतो, त्याचा पहिला आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा. माझ्यावर 24 ने सुरू होतो, 7009 सत्तरच्या दशकाच्या शेवटी आलं म्हणजे हे 82 चा एप्रिल, काकांच्या हिशोबाशी तंतोतंत जुळतं. दशक नंबरात लिहिलेलं नसतं, ते मशीनवरून काढावं लागतं. आणि केसच्या कडा बघा, पॉलिश मारून मारून गोल झालेल्या असतील तर सोडून द्या.

माझ्या डायलवर 7 च्या आकड्याजवळ एक डाग आहे, काचेवर दोन आडवे ओरखडे. घड्याळवाले काका म्हणाले, काच शंभर-दीडशेत बदलून देतो, नवीन दिसेल. माझ्या काकांना फोन करून विचारलं तर म्हणाले ते ओरखडे मस्कतला सिमेंटची गोणी उतरवताना पडलेत, तेव्हा फार जीव जळला होता. काच नाही बदलली.